सरासरी दोन फोन, एक गाडी : रात्रीच्या रुग्णवाहिकेचं गणित फाशावर मांडलं तर?

धानबांधी (शुक्रवार, रात्री ९.४०)

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याला एक बैठक झाली. गावकऱ्यांची मागणी होती की रात्रीसाठी दुसरी रुग्णवाहिका द्या. समोर बसलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "रात्री आठ ते सकाळी आठ, सरासरी दोन फोन. एका खेपेला चार तास. बे चोक आठ. म्हणजे बारातले चार तास गाडी नुसती उभी असते. दुसरी कशाला पाहिजे?"

सरपंच गप्प झाले. मीही मागच्या खुर्चीवर गप्पच बसलो. खरं तर माझं पोट याच धंद्यावर चालतं. नागपूरला मिहानमधल्या एका गोदामात मालाचे ट्रक किती येतील, माल उतरवायचे धक्के किती लागतील, किती ट्रक बाहेर ताटकळतील, हे मी सिम्युलेशन करून (कॉम्प्युटरवर नकली दिवस पुन्हा पुन्हा चालवून) काढून देतो. साबणाच्या खोक्यांसाठी आम्ही जे करतो ते बाळंतिणीसाठी कोणी करत नाही, हे बैठकीतून परत येताना बसमध्ये ध्यानात आलं.

घरी आल्यावर ओसरीवर भाच्यांना घेऊन बसलो. त्यांचा सापशिडीचा फासा घेतला. नियम सोपा. एक तास म्हणजे एक फेक. सहा पडला तर फोन आला. बारा तास, बारा फेकी, म्हणजे सरासरी बरोबर दोन, साहेबांचाच आकडा. सहा पडला की गाडी तो तास धरून चार तास बाहेर. त्या वेळात पुन्हा सहा पडला तर वहीत फुली : माणूस फोन करतोय, गाडी नाही.

चार तास कुठून आले तेही सांगतो. फोन घेऊन गाडी निघेपर्यंत पंधरा मिनिटं, गावाला पोचायला तीस, गावातून आरोग्य केंद्रावरून जिल्ह्याला नव्वद, तिथे पेशंट उतरवून मोकळं व्हायला तीस, परत यायला पंचाहत्तर. झाले दोनशे चाळीस.

पोरांना वाटलं मामा खेळतोय. तिसऱ्याच रात्री धाकटा म्हणाला, "मामा, एकामागून एक गाडीत बसायचं सोडून हे दोघं एकदमच का आजारी पडतात?" त्याला माझ्या विषयातली निम्मी गोष्ट कळली होती. सरासरी दोन म्हणजे रोज दोन नव्हे. नवात एक रात्र एकही फोन न येता जाते, आणि आठात एक रात्र अशी निघते की चार किंवा त्याहून जास्त येतात. शिवाय दोनच आले तरी ते सहा तासांच्या अंतराने येतील असा करार कोणी केलेला नाही.

मग तेच कॉम्प्युटरवर हजारो रात्री चालवलं. उत्तर : शंभर फोनांपैकी तीस फोनांना गाडी जागेवर नसते. तीस! आणि साहेबांच्या हिशोबात तीच गाडी चार तास उभी आहे. दोन्ही खरं आहे. गाडी उभी असते तेव्हा कोणी बोलावत नाही, बोलावतात तेव्हा ती नसते.

आता गंमत पाहा. दुसरी गाडी ठेवली तर तीसचे सहाच्या आसपास होतात. पण गाडी एकच ठेवून खेप चार तासांवरून तीनवर आणली तर तीसचे तेवीस, आणि दोनवर आणली तर तेराच्या आसपास. म्हणजे "दुसरी गाडी द्या" याच्या अलीकडे आणखी एक मागणी आहे, आणि ती बैठकीत कोणाच्याच तोंडात नव्हती : जी आहे ती लवकर मोकळी करा.

आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत खरी आहे. पुढच्या बैठकीला हे घेऊन जावं का? चुका दाखवा, इथेच दाखवा, तिथे नको.

---

टिंबटिंब (शुक्रवार, रात्री १०.०५)

वाचनखूण साठवली. फासा भारी.

---

गणिताचा मास्तर (शुक्रवार, रात्री १०.५२)

आवडलं, पण फाशाला एक खोड आहे. तासाला एकच फोन येऊ शकतो. खऱ्या जगात साडेदहाला एक आणि पावणेअकराला दुसरा येतो. फोन आपल्या मर्जीने, एकमेकांना न विचारता येतात असं धरलं की प्वासाँचं वितरण (अशा वेळी किती फोन येण्याची किती शक्यता, ते सांगणारं सूत्र) लावावं लागतं. त्यात सरासरी दोन असेल तर सातात एक रात्र कोरडी आणि सातात एक रात्र चार किंवा जास्त. तुमच्या नऊ आणि आठपेक्षा दोन्ही टोकं जड. म्हणजे फासा परिस्थिती बरी दाखवतोय.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. तारा किती टाकल्या म्हणजे किती लोकांना लाइन व्यस्त मिळेल, याचं सूत्र त्याने १९१७ साली दिलं. तुमची गाडी म्हणजे त्याची तार. सूत्रात घातलं तर एका गाडीला शंभरात चाळीस फोन हुकतात. तुमचे तीस का आले? एक कारण वरचं, फाशाचं. दुसरं, एर्लांगचा दिवस कधी सुरू होत नाही आणि संपत नाही. तुमची रात्र आठला सुरू होते आणि तेव्हा गाडी मोकळी धरली आहे.

सूत्र सोडून सिम्युलेशन का करायचं, याचं उत्तर इथेच आहे. सूत्राला बारा तासांची रात्र कळत नाही.

---

गाडीवान (शनिवार, सकाळी ६.१५)

भाऊ, आठ वाजता गाडी मोकळी रायते हे तुमाले कोनं सांगतलं? दिवसाची खेप साडेनवाले वापस येते. कधी दहा. रात्रपाळीचा मानूस केंद्राच्या पायरीवर बसून गाडीची वाट पायते.

अन् ते "उतरवून मोकळं व्हायला तीस" लिवलं ना, त्याच्यावर मी पुस्तक लिवीन. मोठ्या दवाखान्यात खाट नसली की पेशंट आपल्याच स्ट्रेचरवर रायते. स्ट्रेचर आत, गाडी बाहेर. स्ट्रेचर सोडून येता येत नाई, बिना स्ट्रेचरची गाडी काय कामाची? एक डाव मी दीड घंटा उभा होतो. तेवढ्यात मांगून फोनवर फोन. कंट्रोलवाला म्हनते लोकेशन सांगा. आता काय सांगू बावा, लोकेशन दवाखान्याचं दार.

---

धानबांधी (शनिवार, सकाळी ७.३०)

गाडीवान भाऊ, दंडवत! आठला गाडी बाहेरच असते आणि दहाला येते असं धरून चालवलं, तर तीसचे एक्केचाळिसाकडे सरकतात. आणि स्ट्रेचरचे तीस मिनिटं नव्वद केली की खेप पाच तासांची होते, तो आकडा लिहायची हिंमत होत नाही.

म्हणजे मोठ्या दवाखान्यात चार जादा स्ट्रेचर ठेवले, आपला पेशंट तिथल्या स्ट्रेचरवर घेतला, तर लांबच्या खेड्यातला फोन लागेल. हे बैठकीत कोणाला सांगितलं तर हसतील.

---

गाडीवान (शनिवार, सकाळी ७.४१)

हसू द्या. चादर बी मांगून घ्या, चादरी बी तिकडंच रायतात.

---

पर्लकोटा (शनिवार, सकाळी ११.२०)

तुमचं सगळं गणित डांबरी रस्त्याचं आहे. भामरागडकडे या. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुका तुटतो. त्या दिवशी तुमच्या "पंचाहत्तर मिनिटं" च्या जागी काय लिहाल? गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं पावणेअकरा लाखांच्या आत. नियमाप्रमाणे सपाटीवर तीस हजारांना आणि डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पण वीस हजार माणसं इथे किती रानात पसरलेली आहेत? नियम डोकी मोजतो, गाडीला लागतात किलोमीटर. आतल्या गावांतून अजून बाजेला बांबू बांधून चौघं पेशंट आणतात, ते रस्त्यापर्यंत. गाडीचं घड्याळ त्यानंतर सुरू होतं.

---

धानबांधी (शनिवार, दुपारी १.१०)

पर्लकोटा, बरोबर पकडलंत. पण सूत्राला जे जमत नाही ते सिम्युलेशनला इथेच जमतं. जुलै-ऑगस्टमधल्या काही रात्रींना "रस्ता बंद" असं चिठ्ठीने ठरवायचं. ती चिठ्ठी निघाली की त्या रात्री जिल्ह्याची खेप नाही, पेशंट पलीकडेच राहणार. मग कॉम्प्युटर आपोआप दुसराच प्रश्न विचारतो : त्या रात्री पलीकडे कोण आहे आणि त्याच्या कपाटात काय आहे? त्या रात्रीपुरता गाड्यांचा आकडा एक असो की पाच, सारखाच.

---

रात्रपाळी (शनिवार, रात्री ९.०५)

मी एएनएम (सरकारी केंद्रातली नर्स) होते. तेवीस वर्षं उपकेंद्र आणि पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), बहुतेक रात्री. दोन वर्षांपूर्वी सुटले. धागा दोनदा वाचला. रागावू नका, पण तुम्ही ज्या रजिस्टरवरून "सरासरी दोन" घेतलंत ते रजिस्टर मीच लिहायचे. त्यात आलेले लिहितात. न आलेल्यांचा रकाना नाही.

रात्री पोट दुखलं की आधी घरात विचार होतो. मग पुजाऱ्याकडे. मग "उजाडू दे, पाहू". मग कोणीतरी टाकीवर चढून रेंज शोधतो. यातून जो उरतो तो तुमचा फोन. बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली तीन उशीर मांडले, ट्रेनिंगला आम्हाला शिकवायचे : ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तुमचा फासा मधल्याच उशिरावर पडतोय.

आणि आणखी एक. गाडी लवकर येते हे लोकांना एकदा कळलं की फोन वाढतात. माझ्या केंद्रात रात्री मुक्कामी राहणारी डॉक्टरीण आली त्या वर्षी रात्रीचे पेशंट दुपटीच्या वर गेले. आजार वाढले नव्हते. दार उघडं आहे हे कळलं होतं. ती बदलून गेली, पुन्हा रजिस्टर रिकामं. मग वरून विचारणा, इथे रात्री गरजच दिसत नाही?

---

धानबांधी (शनिवार, रात्री ९.४८)

ताई, हे वाचून लॅपटॉप मिटला आणि अंगणात जाऊन आलो.

गोदामात ट्रक परत गेला तर गेटवर त्याची नोंद असते, म्हणून मला हे कधी सुचलंच नाही. साहेबांचं रजिस्टर गरज मोजत नाही, सेवा मोजतं. आणि मी त्याच दोनावर शहाणपण उभारलं. फोन दोनाऐवजी तीन धरले (तासाला एक फेक, पण पाच किंवा सहा अशा चिठ्ठ्यांनी चारात एक संधी) तर हुकणारे फोन कुठे जातात ते उद्या काढतो.

---

गणिताचा मास्तर (शनिवार, रात्री १०.३०)

पाच किंवा सहा म्हणजे तिनात एक होईल, चारात एक नव्हे. दोन फासे नका आणू, चार चिठ्ठ्या टाका. :)

ताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मागणी कापलेली आहे आणि कापणारी कात्री म्हणजे सेवाच.

---

धानबांधी (शनिवार, रात्री १०.३४)

झोपेत लिहिलं. चार चिठ्ठ्या.

---

उंटाडे_स्कॉटलंड (रविवार, पहाटे २.१५)

मूळ पुसदचा, आता इकडे. ब्रिटनमध्ये २००४ च्या करारानंतर फॅमिली डॉक्टरांना रात्रीची जबाबदारी सोडता येऊ लागली. त्यांच्या हिशोबात रात्र म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते सकाळी आठ, शिवाय शनिवार-रविवार आणि सुट्ट्या. मग ते काम कोणी, किती गाड्यांतून, कुठल्या गावात बसून करायचं, हा प्रश्न आला आणि तिथे अशी मॉडेलं उपयोगी पडतात. इथे पहिला फोन टेलिफोनवरच्या माणसाकडे जातो आणि तो ठरवतो : सल्ला पुरे, तुम्ही या, डॉक्टर येईल की अ‍ॅम्ब्युलन्स. चारही वाटांचा वेळ वेगळा. फोन आला की गाडी सुटते, असं सरसकट नाही.

पण इथे अर्ध्या रात्रीचा पेशंट म्हणजे बहुधा तापलेलं मूल किंवा एकटी म्हातारी. मण्यार नाही. म्हणून इकडचं मॉडेल उचलून तिकडे ठेवू नका.

---

रात्रपाळी (रविवार, सकाळी ८.२०)

मण्यारीचं नाव काढलंत म्हणून सांगते. मण्यार बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, घरचे म्हणतात झोप आली. फोन येतो पाचला, दंश बाराचा. तुमच्या मॉडेलमध्ये फोनच्या आधीचे ते पाच तास कुठे आहेत?

आणि गाडी कधी पोचली हे मोजू नका. पहिली लस कधी लागली ते मोजा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच सर्पदंशाची लस आहे, सुरुवातीला दहा कुप्या लागतात. त्या केंद्रातच दिल्या, श्वासावर नजर ठेवून मग गाडीत घातलं, तर चार तासांच्या खेपेची भीती निम्मी होते. आणि नुसतं "रेफर" लिहून गाडीत ढकललं, तर दहा गाड्या असूनही दीड तास वायाच. २०२४ च्या राष्ट्रीय आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करायचं ठरलं आहे. ते गाड्या मोजून होणार नाही.

---

कोरडवाहू (रविवार, सकाळी १०.१०)

फोन "आपल्या मर्जीने" येतात हे मास्तरांचं गृहीतक आमच्या शिवारात चालत नाही. शेतीची वीज आठवड्याला फिरते. रात्रीची पाळी असली की अख्खं गाव हरभऱ्याला पाणी द्यायला रानात. त्या आठवड्यात विंचू, शॉक, साप, विहिरीत पाय घसरणं. दिवसाची पाळी आली की शांत. हे कुठल्या रजिस्टरात जोडून पाहिलं आहे का कोणी? वीज कंपनीचं वेळापत्रक महिनाभर आधी माहीत असतं. रुग्णवाहिकेचं वेळापत्रक त्याला का जुळत नाही?

तसंच मोहफुलं. मार्च-एप्रिलात पहाटे चारला बाया रानात जातात आणि अस्वलाच्या हल्ल्यांचे फोन तेव्हाचे. फवारणीच्या दिवसांत विषबाधा. २०१७ साली यवतमाळात जे झालं ते कोण विसरेल? एका दवाखान्यात एका आठवड्यात येणारे पेशंट सरासरीला हसत होते.

---

गाडीवान (रविवार, सकाळी १०.३३)

अन् लग्नसराई. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर उलटला की एका फोनात पंधरा जन. तुमच्या फाश्यावर एक सहा पडन, त्याच्यात पंधरा मानसं कशी बसवसान?

---

गणिताचा मास्तर (रविवार, दुपारी १२.०५)

दोघांनीही मला चीत केलं. वीज-पाळीच्या आठवड्याचा दर वेगळा ठेवता येतो, तो सोपा. ट्रॅक्टरला एका फोनात किती माणसं हीसुद्धा चिठ्ठीच. दोन्ही जमतं.

गाडीबद्दल एक भर. शेजारच्या दोन केंद्रांच्या दोन गाड्या आपापल्या हद्दीतच ठेवल्या तर एर्लांगच्या हिशोबाने प्रत्येकीला शंभरात चाळीस फोन हुकतात. हद्द पुसून दोन्ही गाड्या दोन्हींसाठी वापरल्या तर अठ्ठावीस. एक रुपया खर्च नाही.

---

पर्लकोटा (रविवार, दुपारी १२.४०)

खर्च आहे. शेजारची गाडी तीस-पस्तीस किलोमीटर लांब, रानाच्या रस्त्याने. तिला इकडे यायला तासभर, आणि तेवढा वेळ तिचं गाव उघडं. तुमचे बारा टक्के वाचले, पण जे वाचले त्यांना गाडी उशिरा मिळाली. हेही मोजा, नाहीतर तुमचा आकडाही साहेबांसारखाच.

---

धानबांधी (रविवार, रात्री ८.५०)

मोजलं. पर्लकोटाचं म्हणणं खरं निघालं. गाड्या जवळ असतील तिथे हद्द पुसण्यात फायदा, लांब असतील तिथे "गाडी मिळाली" वाढतं पण "वेळेत मिळाली" जवळजवळ हलत नाही. अंतर किती असलं की गणित उलटतं ते रस्त्यावर अवलंबून, आणि रस्ता मला ठाऊक नाही, गाडीवानाला ठाऊक आहे. म्हणून अंतर नकाशावरून घेण्याऐवजी चालकांना विचारून, उन्हाळ्याचं वेगळं, पावसाळ्याचं वेगळं, असं लिहून घेतोय.

अर्ध्या वाटेवर जिल्ह्याची गाडी बोलावून पेशंट बदलायची युक्तीही चालवली. आपली खेप सव्वादोन तासांवर येते. पण जिल्ह्याची गाडी मोकळी असेल तरच. ती नसेल तर दोन गाड्या रस्त्यात, एक पेशंट, आणि कोणीतरी अंधारात टायरला टेकून बिडी ओढतंय.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला सांगू? बाळंतपणाचे फोन रात्रीतून काढून टाकल्याने. आदिवासी भागातल्या काही केंद्रांना माहेरघर आहे, तारखेच्या आठवडाभर आधी बाई तिथे राहायला येते. माझ्या नमुन्यात दोनातला अर्धा फोन बाळंतपणाचा धरला होता. तो अर्धा काढला की शंभरात तीसचे चोवीसवर येतात, म्हणजे जवळजवळ खेप तासाने कमी केल्याइतका फायदा, आणि गाडी तीच. ताई, माहेरघरात बाया येतात का खरंच?

---

रात्रपाळी (रविवार, रात्री १०.१५)

येतात, पण मोठं पोरगं सोबत आणू दिलं तर, आणि सासूला जेवण मिळालं तर. शेतीच्या हंगामात रोवणी सोडून कोणी येत नाही. म्हणून तुमचा अर्धा फोन जुलैत काढू नका, फेब्रुवारीत काढा. घाईची वेळ आणि माहेरघर रिकामं असण्याची वेळ एकच आहे.

बैठकीला जाताना आकडे कमी न्या. एक कोरा तक्ता न्या. आशा सेविकांना तीन महिने भरायला द्या : रात्री काय झालं, कधी कळलं, कोणाला विचारलं, फोन लावला का, लागला का, गाडी आली का, पहिली सुई कधी. रात्र संपताना "सकाळपर्यंत थांबले" याला वेगळा रकाना. आशांना त्याचे पैसे मिळतील असं आधी लिहून घ्या, फुकट नको.

---

धानबांधी (सोमवार, सकाळी ७.०५)

तक्ता केला, एकच पान. आठ रकाने.

---

गाडीवान (सोमवार, सकाळी ७.२०)

नववा ठेवा. स्ट्रेचर कधी सुटलं.